बडतर्फीची तालीम

आमच्या आळीत कंपनीची बातमी माशांवरून कळायची. आता हे सांगितलं की पोरं हसतात. आम्ही हसत नव्हतो.

ठाण्यात टेंभीनाक्याच्या अंगाला आमची ती आळी. पंधरावीस घरं, सगळी मासे खाणाऱ्या कारकुनांची, आणि त्यातले निम्म्याहून जास्त खाडीकाठच्या एकाच मिठाच्या कंपनीत. आळीच्या तोंडाशी आमच्या हेडक्लार्कांचं घर. त्यांचं नाव सांगत नाही. त्यांची नातवंडं अजून ठाण्यातच आहेत आणि आजोबांची गंमत केलेली नातवंडांना खपत नाही. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, मीही तेच म्हणतो.

रोज सकाळी चेंदणीची हिरा कोळीण टोपली घेऊन यायची ती पहिली भाऊसाहेबांच्या ओटीवर उतरवायची. मग भाऊसाहेब बाहेर यायचे, चक्क पगडी घालून. "अहो, मासा घ्यायला पगडी कशाला?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तो बिचारा जीव देऊन आलाय. आपण निदान डोकं झाकून जावं." एकेका माशाचे कल्ले उघडून बघायचे, बोटाने दाबायचे, वास घ्यायचे, दोन पावलं मागे सरायचे, पुन्हा पुढे यायचे. हिरा म्हणायची, "साह्यब, मासली बगताव का पोरगी बगताव?" तोवर आळीतल्या प्रत्येक खिडकीआड एक डोळा लागलेला असायचा.

कारण हेडक्लार्कांनी पापलेट घेतलं म्हणजे साहेबाची मर्जी ठीक आहे, कंपनी जोरात आहे. कोलंबी घेतली म्हणजे चाललंय ते बरं चाललंय. आणि खाडीतले निवटे घेऊन आत गेले, तर कचेरीत काहीतरी बिनसलंय. हा अंदाज कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण आळीतली प्रत्येक बायको त्यावर आपल्या घरचा बाजार ठरवायची. सणाला लुगडं घ्यायचं की जुनंच धुऊन नेसायचं, शिंपी बोलवायचा की पुढच्या महिन्यावर टाकायचा, सगळं त्या टोपलीवर. भाऊसाहेबांना याची गंधवार्ताही नव्हती. त्यांना आपलं वाटे की आपण मासे घेतोय.

त्यांच्या इतका अस्वस्थ माणूस मी दुसरा पाहिला नाही. जेवताना मध्येच उठून दाराची कडी बघून येणार. बोलता बोलता छपराकडे बघणार, वासा कुजलाय का म्हणून. कचेरीत मान खाली घालून लिहिताहेत असं वाटावं तोच उठून खिडकीशी जाणार आणि बंदरावर किती शिडं आहेत ते मोजणार. "संकटाला दाराशी तिष्ठत ठेवू नये, आपणच जाऊन भेटावं," हे त्यांचं पालुपद. काकू, म्हणजे त्यांची बायको, त्यावर म्हणायच्या, "तुम्ही भेटायला जाता म्हणून तर त्याला आपल्या घरचा पत्ता कळतो."

आणि ही भेट नुसती बोलण्यातली नव्हती. दर वर्षी पितृपक्षात आठ दिवस त्यांच्या घरी बडतर्फीची तालीम चालायची. म्हणजे भाऊसाहेबांची नोकरी गेली आहे असं धरून घरातल्या सगळ्यांनी वागायचं. पहाटे ते पगडी खुंटीला लावायचे आणि काकूंना सांगायचे, "आजपासून मी बडतर्फ." कचेरीला जायचे तेही चोरासारखे मागच्या दाराने, कारण पुढच्या दाराने जाणारा माणूस नोकरीवाला. घरात दोन्ही वेळा पेज आणि मीठ. दूध बंद, परीट बंद, न्हावी बंद. आठ दिवसांची दाढी घेऊन आमचे हेडक्लार्क गोऱ्या साहेबासमोर उभे राहायचे, आणि साहेब, ही यांच्या धर्मातली काही रीत असेल, असं समजून गप्प बसायचा.

काकूंचं म्हणणं होतं, "पंचवीस वर्षांत यांची नोकरी एकदाही गेली नाही, पण माझी पेज काही चुकली नाही."

एका वर्षी तर तालीम बाजारात गेली. भाऊसाहेब नाक्यावरच्या दाणेवाल्या शेटजींच्या दुकानी गेले आणि हात जोडून म्हणाले, "शेटजी, काम गेलंय. लिहायला माणूस लागेल का?" शेटजी भला माणूस. गादीवरून उठलाच. "अरे भाऊसाहेब, तुम्ही? बसा बसा. उद्यापासून या. माझा जुना माणूस मी काढतो."

भाऊसाहेब चिडले. "काढता कशाला त्याला? मला हाकला!"

"तुम्हाला कसं हाकलू?"

"नीट हाकला हो. लोक हाकलतात तसं. त्याशिवाय मला कळणार कसं?"

शेटजींनी बिचाऱ्यांनी दोनतीनदा प्रयत्न केला, पण त्यांना काही ते जमेना. शेवटी म्हणाले, "जागा नाही, पुढे जा, बाबा," आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊसाहेब मात्र खुशीत परत आले. "फार लागतं हो," असं मला सांगत होते, "पण छातीत लागतं, पोटात नाही. पोटाचं आपण पेजेवर भागवू." मी तेव्हा विशीतला, कंपनीत नवा. मला हा सगळा वेडेपणा वाटायचा, आणि संध्याकाळी बायकोला नक्कल करून दाखवायचो.

मग तो हिवाळा आला. मुंबईत गाठीच्या तापाला, म्हणजे प्लेगला, दोनेक वर्षं होऊन गेली होती. ताप तिकडून खाडी ओलांडून आमच्याकडे येत होता, जात होता, पुन्हा येत होता. कल्याणला गाडीतून उतरवून उतारूंच्या काखा तपासत होते. बंदरावर गलबतं अडवून ठेवलेली. मिठागरांवर मिठाच्या राशी झापांखाली पडून, उचलायला कुणी नाही. कचेरीत काम नव्हतं. आणि काम नाही म्हटल्यावर कुणीतरी म्हणालंच, साहेब माणसं कमी करणार, यादी निघणार.

कुणाची यादी, किती जणांची, कुणालाच माहीत नव्हतं. भाऊसाहेबांनाही नाही. पण पौषात एका सकाळी हिरा त्यांच्या ओटीवर टोपली उतरवायला लागली, आणि ते बोडक्याने बाहेर येऊन म्हणाले, "आज नको."

दुसऱ्या दिवशीही "नको." तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरातून सुकट भाजल्याचा वास आला, आणि तो वास आळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

पितृपक्ष तर कधीच होऊन गेला होता. मग ही तालीम नव्हे. आळीने मान डोलावली. हेडक्लार्कच सुकटीवर आले म्हणजे यादी निघालीच.

त्यानंतर जे झालं ते बघण्यासारखं होतं. एका घराने परीट बंद केला, तो बघून दुसऱ्याने केला. मोलकरणींना सगळ्यांनी एकदम गोड बोलून घरी पाठवलं. शिंपी आपली कात्री घेऊन आळीत शिरायचा आणि तशीच घेऊन बाहेर पडायचा. पगार सगळ्यांना वेळेवर मिळत होता बरं का. कुणाचीही नोकरी गेली नव्हती. पण पैसा घरात आला की तो थेट पेटीच्या तळाला जाऊन बसायचा. मीही त्यातलाच. बायकोला सहावा महिना, आणि या शहाण्याने रतीबाचं दूध निम्म्यावर आणलं. ती अर्धा पेला पिऊन कामाला लागायची. आज तिची आठवण झाली की पहिल्यांदा तो अर्धा पेला आठवतो आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

माझ्या शेजारी वामन राहायचा. माझ्याच बरोबरीचा कारकून, दोन लहान पोरं. एके दिवशी त्याच्या माळ्यावर मेलेला उंदीर सापडला.

उंदीर पडायला लागले की घर सोडायचं, हे एव्हाना शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं. पाचपाखाडीच्या बाजूला मोकळी शेतं होती. तिथे कारवीच्या कुडांच्या झोपड्या घालून राहायचं, ताप ओसरला की परत यायचं. त्यासाठी येऊरच्या डोंगरातले वारली बांबू आणि कारवीचे भारे घेऊन रोज नाक्यावर बसत होते. मागच्या वर्षी भारे पुरले नव्हते. या वर्षी आमच्या आळीतून कुणी नाक्यावर फिरकेना. झोपडी म्हणजे खर्च. कूड, पेंढा, सामान न्यायला गाडी, शेतवाल्याला भाडं. उद्या यादीत आपलं नाव निघालं तर?

"यादी येऊ दे," मी बायकोला म्हणालो, "मग बघू."

"यादी कधी यायची ती येवो," ती म्हणाली. "माझे दिवस यादीची वाट बघायचे नाहीत. आणि उंदीरही बघायचे नाहीत."

मी भाऊसाहेबांकडे गेलो. विचारायला नव्हे, त्यांचं तोंड बघायला. ते ओटीवर येरझारा घालत होते. म्हणाले, "तू झोपडी घातलीस का?" मी म्हणालो, "तुम्ही घातलीत का?" ते थांबले. "मी कसा घालू? माझं काय ठरलंय?" मी म्हणालो, "मग माझं तरी काय ठरलंय?" आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. दोघांच्या घरात पैसे होते. 

तेवढ्यात हिरा आली. टोपली रिकामी नव्हती, पण ती उतरवली नाही. डोक्यावर तशीच ठेवून अंगणात उभी राहिली.

"आज नको गं," भाऊसाहेब सवयीने म्हणाले.

"ईकाया नाय आयलंय," हिरा म्हणाली. "इचाराया आयलंय. साह्यब, तुमची नोकरी गेली का?"

"गेली नाही. पण जाईल."

"जाईल!" हिरा म्हणाली. "तुमची जाईल, साह्यब. माजी गेली. त्या शिंप्याची गेली, परटाची गेली. तुमी मासली घ्याची बंद केली, तवापासून या आळीन एक घर माजी टोपली उतरवीत नाय. सगल्या बाया इचारतान, हेडक्लारकांनी काय घेतला? मी सांगते, काय नाय घेतला. मंग त्या बी दार लावतान." तिने डोक्यावरची टोपली सावरली. "तुमाला ठावं नवता?"

भाऊसाहेबांना ठावं नव्हतं. खरोखर नव्हतं. त्यांनी आळीकडे पाहिलं. खिडक्या पाहिल्या. एका खिडकीतला पदर चटकन आत गेला. आपण कुठेतरी जमिनीत गडप व्हावं असं मला झालं, कारण माझ्याही घरातली खिडकी त्यात होती.

"सगळे माझ्याकडे बघतात?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"मी आळीत आलो त्याच्या आधीपासून."

 हिरा निघून गेली. त्या दिवशी कचेरीत ते एकदाही खिडकीशी गेले नाहीत.

त्याच आठवड्यात साहेबाने त्यांना आत बोलावलं. दार बराच वेळ बंद होतं. आम्ही सगळे कागदांवर माना घालून बसलो होतो, एकाचंही अक्षर पुढे सरकत नव्हतं.  भाऊसाहेब बाहेर आले, आपल्या जागेवर गेले, एक कागद लिहिला, तो घेऊन पुन्हा आत गेले. घरी येताना कुणी विचारायचं धाडस केलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीही कळत नव्हतं आणि मासे तर ते घेतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओटीवर आले ते पगडी घालून, उपरणं घेऊन. हिरा वाकड्या वाटेने जात होती, तिला नाक्यापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली. टोपली उतरवली. एवढं मोठं पापलेटांचं जोडपं निवडलं, दोन्ही हातांनी वर धरलं, उजेडात फिरवलं, आणि घरात न जाता ते तसंच हातात घेऊन आळीतून चालत निघाले. माझ्या दाराशी थांबून म्हणाले, "काय रे, बरं आहे ना? अगं सूनबाई, ताजं आहे बघ. आज कोळसे पेटव, एक तुलाही देतो." पुढच्या दारी, "आम्ही परवा झोपड्यांत जाणार. तुम्ही कधी निघताय?" त्याच्या पुढच्या दारी पुन्हा तेच. मी जन्मात असा सोहळा पाहिला नाही.

दुपारपर्यंत नाक्यावरचे कारवीचे सगळे भारे संपले होते. संध्याकाळी वारल्यांनी आणखी आणले, तेही गेले. वामन तर दोन गाड्या भरून सामान घेऊन निघाला. मीही निघालो. जाताना गवळ्याला सांगितलं, पूर्ण रतीब, तिकडे शेतावर आणून दे.

आम्ही शेतावर गेल्यावर आठ दिवसांनी ताप आळीत शिरला. आळीत कुणी नव्हतं. मागच्या आळीतले लोक घरं धरून राहिले होते. तिथून जी रडारड ऐकू यायची ती आठवत बसण्यात अर्थ नाही.

शेतावर भाऊसाहेब रोज सकाळी पगडी घालून आमच्याबरोबर कचेरीला निघायचे. खाडीच्या वळणावर म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे, मला बंदरावर काम आहे." आम्हाला वाटायचं, अडकलेल्या गलबतांचं काही असेल. कचेरीत साहेब म्हणायचा, ते रजेवर आहेत. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. आपली नोकरी आहे ना, मग झालं.

फाल्गुनात साहेबाने मला जुने कागद लावायला बसवलं. त्यात तो कागद मिळाला. वर साहेबाच्या हातचं: तीन कनिष्ठ कारकून कमी करायचे आहेत, नावं द्यावीत. खाली भाऊसाहेबांचं वळणदार अक्षर. नाव एकच, त्यांचं स्वतःचं. त्यांच्या एका पगारात तिघांचे पगार बसतात, तेव्हा कंपनीची बचत तेवढीच होईल, एवढं एक वाक्य, आणि शेवटी विनंती: कचेरीत कुणी विचारलं तर मी रजेवर आहे असं सांगावं. कंपनीतले सगळ्यात नवे तिघं कोण, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यात मी होतो. वामन होता.

मी धावतच शेतावर गेलो. भाऊसाहेब झोपडीच्या कुडाला दोर आवळत होते. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी माझ्याकडे बघून ओळखलं.

"सांगितलंस कुणाला?"

"नाही."

"सांगू नकोस. आत्ता कळलं तर उद्या सगळे झोपड्या मोडून घरी जातील. भाडं वाचवायला. ताप अजून आळीत आहे." मग म्हणाले, "होणाऱ्या मुलाची शपथ घे. आणि नंतरही सांगू नकोस. तुम्ही तिघं माझ्याकडे उपकाराखाली दबल्यासारखं बघत बसाल, मला ते आवडणार नाही."

मी शपथ घेतली. "आणि तुमचं?" मी विचारलं. ते हसले, म्हणाले, "मी हिंडतोय की. कल्याणचा एक भातवाला 'बघतो' म्हणालाय." मला रडू आलं. त्यांनी मला दोराचं दुसरं टोक धरायला लावलं.

मुलगी चैत्रात शेतावरच झाली. काकूंनीच बाळंतपण केलं. पाऊस जवळ आला, ताप ओसरला, आम्ही सगळे आळीत परतलो. आणि परतल्यावर, अशा गोष्टी कळतात तशी, ही कळलीच: हेडक्लार्क माघापासून बडतर्फ आहेत. त्या पापलेटाच्या आदल्या दिवसापासून.

तुम्हाला वाटेल, लोक हळहळले असतील. छे! लोक चिडले. एका रविवारी पाचसात जण त्यांच्या ओटीसमोर जमले. पुढे वामन. आवाज चढवून म्हणाला, "भाऊसाहेब, तुमची नोकरी गेली होती आणि तुम्ही आम्हाला पापलेट नाचवून दाखवलंत? आम्ही तुमच्यावर भरवसा ठेवून घरातलं होतं नव्हतं ते झोपड्यांत घातलं. आमचीही गेली असती म्हणजे? बायकापोरांना काय घातलं असतं? फसवलंत तुम्ही आम्हाला!"

काकू दारात आल्या होत्या. त्यांचे ओठ हलले. भाऊसाहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग वामनसमोर दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं माझं."

मी तिथेच उभा होतो, वामनपासून हातभर अंतरावर. शपथ होती, ते खरं. पण मी गप्प राहिलो तो शपथेसाठी नव्हे. बोललो असतो तर गोष्ट कचेरीत गेली असती, साहेबाला ते तीन कनिष्ठ कारकून पुन्हा आठवले असते, आणि त्यातला एक मी होतो. मुलगी अडीच महिन्यांची होती. मी मान खाली घातली, आणि बाकीचे निघाले तसा त्यांच्याबरोबर निघून आलो.